मुलगी नऊ महिन्यांची आहे आणि बायकोला पुन्हा दिवस गेलेत. मी नेमकं काय करू?

कुपवाड_शिफ्ट | ९ जून, रात्री १२:४०

नमस्कार मंडळी. मी एरवी इथे शेतीचे आणि भटकंतीचे धागे वाचतो, लिहीत नाही. आज लिहितोय, कारण घरात कुणाशी बोलता येत नाहीये.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर, तीन शिफ्टमध्ये काम. बायको मिरजेत एका लॅबमध्ये टेक्निशियन. मुलगी गेल्या सप्टेंबरात झाली, सिझर करावं लागलं. रजा संपवून बायको मार्चमध्ये कामावर रुजू झाली आणि आत्ता कुठे घडी बसत होती.

तिची पाळी अजून सुरू झाली नव्हती. बाळ अंगावर पितंय तोवर काही होत नाही असं सगळेच सांगायचे, आम्हीही तेच धरून चाललो. आठवडाभर तिला सकाळी मळमळत होतं, आम्हाला वाटलं पित्त असेल. शनिवारी तिने किट आणलं. बाथरूममधून आली आणि बेसिनच्या कडेवर, नाचणी सत्त्वाच्या वाटीशेजारी ठेवलं. दोन रेघा. दुसरी इतकी फिकट होती की मी ट्यूबलाइटखाली धरून बघितली.

माझ्या तोंडून निघालं, "आत्ता?" आणि मी गॅलरीत गेलो. पाचेक मिनिटांनी आत आलो तर ती मुलीला पाजत बसली होती. माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून आम्ही पाणी आलं का, दूध आणायचंय का, एवढंच बोलतोय. तिला काय वाटतं विचारलं तर म्हणते, "मला माहीत नाही."

फ्लॅटचा हप्ता, तिची नोकरी, सिझरचा टाका, रात्री तीनदा उठणारी मुलगी, सगळं एकदम डोक्यात फिरतंय. आई गावी कवठेमहांकाळला असते. तिच्या कानावर गेलं तर ती त्याच दिवशी देवापुढे पेढे ठेवेल, मग आम्ही दोघांनी ठरवायला काही उरणार नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी बायकोला कसा आधार दिला? आणि स्वतःला कसं सावरलं? मला चार रात्री झोप नाही, बसल्या जागी छातीत धडधडतं. हे बापाने कुणाला सांगायचं असतं?


माई_मिरज | ९ जून, सकाळी ६:१५

अरे, उजाडलं की पहिलं त्या "आत्ता?"बद्दल बोल. घाबरून तोंडातून गेलं, तुझ्यावर राग नव्हता, एवढं सरळ सांग. बाईच्या कानात तो एक शब्द वर्षानुवर्षं राहतो. माझ्या कानात चाळीस वर्षं राहिलाय, म्हणून सांगते. पुढचं सगळं नंतर.


द्राक्षबाग | ९ जून, सकाळी ७:०२

भावा, मी तासगावकडचा. आमच्या दोघा पोरांत तेरा महिन्यांचं अंतर. दुसऱ्याचं कळलं तेव्हा बागेत माल लागलेला, व्यापारी दारात, आन् बायको मोरीत उलट्या करतेली. मला बी कायच सुचत नव्हतं.

आधार म्हंजे काय ते मला माझ्या चुलतीनं शिकिवलं. म्हणाली, तिला "आराम कर" म्हणू नको. थोरल्याला उचल आन् घराभाईर घेऊन जा. तेवढंच केलं. रोज संध्याकाळी थोरला माझ्या खांद्यावर, बांधाबांधानं फिरायचो. दीड तास. तेवढ्यात ती झोपायची. तिला डोळा लागला का न्हाई हे दारातनं बगायचो आन् मगच आत यायचो.

दूध पाजायचं सोडून पोराचं सगळं बापाला येतंय. आंघोळ, शी-शू, भरवणं, ताप मोजणं. एकदा हाताला वळण लागलं की भीती कमी हुती, हे मी अनुभवानं सांगतोय.


अप्पा_विटा | ९ जून, सकाळी ९:३०

पोटात आलेल्या जीवाला नको म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाठोपाठची मुलं एकमेकांच्या संगतीने वाढतात, एकाच्या कपड्यांत दुसरं निघतं. आमच्या आईला सात झाली. कुणी किट आणलं नाही की गॅलरीत गेलं नाही. हप्ते फिटतात.


चाफा | ९ जून, सकाळी १०:११

अप्पा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. तुमच्या आईला सात झाली, माझ्या आजीला नऊ. त्यातली पाच जगली. आजीचं हिमोग्लोबिन कधी कुणी मोजलं नाही. ती चाळिशीत दात पडलेली, वाकलेली बाई होती, आणि तिला हवं की नको हे विचारणारं घरात कुणी नव्हतं. मुलं तशीही वाढतात हो, पण त्यांच्या आईच्या अंगात काय उरलं हेही बघायला हवं.

या धाग्यावर त्यांच्या बायकोने काय ठरवावं यावर मतदान नको, ही विनंती.


स्टेथो | ९ जून, दुपारी २:४५

मी स्त्रीरोग विभागात काम करते. तपासल्याशिवाय सल्ला देता येत नाही, पण काही गोष्टी सगळ्यांसाठीच सारख्या आहेत, त्या लिहिते.

अंगावर पाजताना गर्भ राहत नाही हे तीन अटी एकत्र असतील तेव्हाच बऱ्यापैकी खरं असतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, दिवसरात्र फक्त आईच्या दुधावर हवं, आणि पाळी सुरू झालेली नको. वरचं अन्न सुरू झालं, आई कामावर जायला लागली, पाजण्यातलं अंतर वाढलं की भरवसा संपला. आणि बीज पाळीच्या आधी सुटतं. त्यामुळे बाळंतपणानंतर एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. माझ्या ओपीडीत हे ऐकून नवराबायको दोघंही चकित होतात. तुमच्यापैकी कुणी निष्काळजी होतं असं मनात धरू नका. ही माहिती डिस्चार्जच्या वेळी नीट सांगायला हवी, ते आमचं काम आहे.

आता पहिलं पाऊल सोनोग्राफी. पाळीच नव्हती तर आठवडे मोजणार कुठून? ते सोनोग्राफीतूनच कळेल. शिवाय आधी सिझर झालंय, म्हणून गर्भ पिशवीत योग्य जागी रुजलाय ना, जुन्या टाक्याच्या जागी नाही ना, हे लवकर बघावं लागतं. पुढचं काहीही ठरवा, ही तपासणी टाळता येत नाही.

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान २४ महिने जावेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सिझरनंतर लवकर दिवस राहिले तर कळांच्या वेळी जुन्या टाक्यावर ताण येऊन तो फाटण्याचा धोका वाढतो. घाबरवायला नाही सांगत. नीट देखरेखीखाली अशा कितीतरी बायका सुखरूप बाळंत होतात. पण नाव अशा ठिकाणी घाला जिथे रक्त, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर रात्री-अपरात्रीही मिळेल.

गर्भ ठेवायचा नसेल तर कायदा १९७१ चा आहे, २०२१ मध्ये दुरुस्त झालेला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवडे ठरावीक परिस्थितीतच आणि दोन डॉक्टरांच्या मताने. संमती फक्त त्या सज्ञान स्त्रीची लागते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, सासू-सासऱ्यांची तर नाहीच. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो निघत नाही आणि जिवावर बेततं.


रानफूल | ९ जून, दुपारी ३:२०

तुमच्या बायकोला माहीत आहे का की तुम्ही हे इथे लिहिलंय?


नाव_नको | ९ जून, रात्री १०:५५

हा आयडी याच प्रतिसादासाठी काढलाय. आम्ही साताऱ्याचे. आमची मुलगी सहा वर्षांची असताना असंच अचानक झालं आणि आम्ही नको असं ठरवलं. त्या निर्णयाचा आम्हा दोघांनाही पश्चात्ताप नाही. ज्या पद्धतीने मी वागलो त्याचा मला आहे.

तिने विचारलं, "काय करायचं?" मी म्हणालो, "तू म्हणशील तसं." मला वाटलं मी तिला मोकळीक देतोय, शहाण्या नवऱ्यासारखं बोलतोय. तिला ऐकू आलं, "तुझं तू बघ." दवाखान्यात तिच्यासोबत गेलो, फॉर्म भरले, रिक्षा आणली. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, कारण ती म्हणाली की मी ठीक आहे. ती आठवडाभर रक्तस्राव अंगावर काढत मुलीचा डबा करत होती, आणि संध्याकाळी आलो की मी विचारायचो, "बरं वाटतंय ना?" प्रश्नातच उत्तर असायचं, ती मान हलवायची.

पुढे वर्षभराने, साताऱ्यातल्या चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला गेलो असताना ती बोलली. म्हणाली, "तू घाबरला होतास हे मला कळत होतं. तू ते एकदा जरी बोलला असतास तर मी एकटी नव्हते."

म्हणून सांगतो. निर्णय तिचा, शरीर तिचं, याबद्दल वाद नाही. पण "तू म्हणशील तसं" म्हणून बाजूला होऊ नका. मला कशाची भीती वाटते ते सांगा, आणि तू हे ठरवलंस तर मी काय करेन, ते ठरवलंस तर काय करेन, हेही सांगा. अगदी रजा किती टाकेन, रात्री कोण उठेल इथपर्यंत.


चाफा | १० जून, सकाळी ८:०५

नाव_नको, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. तरी एका मुद्द्यावर असहमत आहे. नवऱ्याने हप्त्याची, पैशाची भीती आधी बोलून दाखवली की बऱ्याच बायका आपलं मन गिळतात. आपल्याकडे मुलींना तेच वळण असतं. ती "मला माहीत नाही" म्हणतेय तेव्हा तिच्यापुढे अजून एक ओझं ठेवायचं?


नाव_नको | १० जून, सकाळी ९:४०

बरोबर आहे. क्रम महत्त्वाचा. आधी तिचं ऐकायचं, मध्ये न बोलता, लागतील तेवढे दिवस. तिने "तुला काय वाटतं" विचारलं की मग लपवायचं नाही. आणि भीती सांगताना ती तिच्या हातात सोपवायची नाही. "हप्ता कसा भरणार?" असं विचारलं की तो प्रश्न तिच्या गळ्यात पडतो. "हप्त्याची मला काळजी वाटते, मी बँकेत जाऊन बोलतो" असं म्हटलं की तो आपल्याकडेच राहतो.


माई_मिरज | १० जून, सकाळी ९:५२

हे फार मोलाचं लिहिलंस रे. माझ्या मुलाला वाचायला देते.


कुपवाड_शिफ्ट | ११ जून, रात्री ११:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

रानफूल, तुमच्या प्रश्नाने जागचा उठलो. तिला माहीत नव्हतं. काल रात्री फोन तिच्या हातात दिला आणि सांगितलं की मी हे लिहिलंय, तुला नको असेल तर संपादकांना सांगून धागा उडवायला लावतो. ती मुलीला मांडीवर घेऊन वाचत होती. मी समोर फरशीवर बसलो. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "एक चूक आहे यात. पाच मिनिटं नव्हती. चाळीस मिनिटं होती. हिचं एक पाजणं झालं, ढेकर काढली, झोपवली, परत उठली, तरी तू बाहेरच होतास."

मला खरंच पाच मिनिटं वाटली होती.

मग आम्ही रात्री दोनपर्यंत बोललो. ती जास्त, मी कमी. तिला सगळ्यात मोठी भीती टाक्याची आहे. गेल्या वेळी भूल पुरती उतरली नव्हती आणि थंडीने दात वाजत होते, तेव्हा आजूबाजूला आपलं माणूस कुणीच नव्हतं, हे तिने मला नऊ महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं. मी तेव्हा खाली बिलाच्या रांगेत होतो. दुसरी भीती, मुलीचं अंगावरचं दूध तोडावं लागेल. धागा राहू दे म्हणाली, फक्त तिचं नाव किंवा कामाचं ठिकाण येऊ नये.

परवा सोनोग्राफी आहे. मी रजा टाकलीय.


वहिनी_पलूस | १२ जून, सकाळी ७:३०

दूध मात्र तोडायलाच लागतं. पोटुशीचं दूध बाधतं, थोरल्या लेकराला ढाळ लागतात. आमच्याकडे तिसरा महिना लागला की कडुनिंब लावून सोडवतात.


स्टेथो | १२ जून, दुपारी १:१०

वहिनी, हा समज फार घरांत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गरोदरपणातलं दूध खराब होत नाही, विषारी होत नाही. मात्र मधल्या महिन्यांत ते कमी होतं, चवही बदलते, त्यामुळे काही मुलं आपणहून सोडतात. सगळं सुरळीत असेल तर पाजत राहता येतं. रक्तस्राव, वेळेआधी कळा, आधीची अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं अशा वेळी डॉक्टर थांबवायला सांगतात. नऊ महिन्यांच्या बाळाचं एकाएकी तोडलं तर त्याच्या पोटाचे आणि मनाचे दोन्ही हाल होतात. वरचं खाणं वाढवत नेणं हे आत्ताच सुरू करा, आणि ते बाप करू शकतो.

आईला मात्र दुहेरी खर्च भरून काढायला हवा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, मध्ये दोन तासांचं तरी अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर गरोदरपणात तो अशक्तपणा धरतात, दुर्लक्ष करू नका.


वहिनी_पलूस | १२ जून, दुपारी १:४०

असं आहे होय. मग माझ्या धाकटीचं उगाचच तोडलं की मी. पुढच्या सुनेला सांगेन.


रात्रपाळी | १२ जून, रात्री ११:५०

धागाकर्त्याने स्वतःबद्दल विचारलेलं मागेच पडलं, म्हणून लिहितो.

आमच्या दुसऱ्या वेळी मी आतून बंद पडलो होतो. रडू येत नव्हतं, भूक नव्हती, गाडी चालवताना डोक्यात नको ते विचार यायचे. मित्रांत बोललो तर म्हणायचे, बाप होतोयस, पार्टी दे. बायकोपुढे बोलायची लाज वाटायची, कारण त्रास तर तिला होत होता. शेवटी फॅमिली डॉक्टरांपुढे बीपी मोजताना बोललो. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बापालाही या काळात नैराश्य येतं, ते ओळखता येतं आणि उपचारांनी बरं होतं, हे मला तिथे समजलं. सहा महिने गोळ्या घेतल्या. बरा झालो.

चार दिवस झोप नाही आणि धडधड होतेय म्हणता, तर आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. बोलायला कुणीच नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. पहिल्या वेळी मी नंबर लावून दोनदा ठेवून दिला होता. तिसऱ्यांदा बोललो.


द्राक्षबाग | १३ जून, सकाळी ६:४०

रात्रपाळी, लई धाडसानं लिहिलंत. आमच्याकडं गडी माणूस हे बोलत न्हाई. बागेवर अवकाळी पडला की बोलतो, आतलं बोलत न्हाई.


फाईलवाली | १५ जून, दुपारी १२:२०

मी एचआरमध्ये आहे, रजेबद्दल लिहिते. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांपर्यंत प्रत्येक वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. पाठोपाठ आहे म्हणून दुसऱ्या वेळी कमी देता येत नाही. तिसऱ्या वेळी मात्र १२ आठवडे. मुख्य अट ही की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत निदान ८० दिवस काम झालेलं हवं. वहिनी मार्चमध्ये रुजू झाल्या म्हणजे ती अडचण येऊ नये. गरोदरपणाच्या रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. कळवताना लेखी कळवा आणि पोच घ्या.

बापाचं मात्र अवघड आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी कंपन्यांना तशी सक्ती नाही. तुमच्या अर्जित रजा आत्तापासून साठवा, गणपतीत उधळू नका.


कुपवाड_शिफ्ट | २९ जून, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय, माफ करा.

सोनोग्राफीत त्या दिवशी सात आठवडे निघाले. जागा योग्य आहे, टाक्यापासून वर. डॉक्टरांनी दोन्ही वाटा तिला नीट समजावल्या, माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून. घाई नाही, विचार करा म्हणाल्या.

त्यानंतर दहा दिवस मी तिला एकदाही "मग काय ठरलं?" विचारलं नाही. फार जड गेलं. त्या दहा दिवसांत मी रात्रीचं काम अंगावर घेतलं. मुलगी माझ्याजवळ झोपते, बायको आतल्या खोलीत, दार लावून. पहिल्या तीन रात्री मुलीने आकांत केला. दोन वाजता मी तिला घेऊन गच्चीवर जायचो आणि पाण्याच्या टाक्या मोजत फिरायचो, आमच्या आणि शेजारच्या मिळून सतरा आहेत. चौथ्या रात्री ती तेराव्या टाकीलाच झोपली.

गेल्या रविवारी आम्ही मिरजेहून गाडीवर येत होतो. विजयनगरच्या सिग्नलला ती मागून म्हणाली, "मला हे हवंय. पण एकटीला नको." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला मान वळवून काही बोलताही आलं नाही, तिचा हात पोटावरून तसाच धरून ठेवला आणि एका हाताने कडेला घेतली.

मी डॉक्टरांना दाखवलं. बीपी ठीक आहे, झोपेसाठी थोडे दिवस औषध दिलंय. १४४१६ ला एकदा बोललो. आवाज फुटत नव्हता, पलीकडच्या ताई थांबल्या.


अप्पा_विटा | ३० जून, सकाळी ८:००

कुपवाडकर, मनापासून आनंद झाला. आणि चाफाताई, तुमचं त्या दिवशीचं लिहिणं डोक्यातून गेलं नाही. आमच्या आईचा एकच फोटो घरात आहे. काल काढून नीट बघितला. तेव्हा ती अडतीस वर्षांची असेल, आणि आज माझी थोरली सून जशी दिसते त्याच्या दुप्पट वयाची दिसते. मी हे आधी कधी बघितलंच नव्हतं.


चाफा | ३० जून, सकाळी ८:४४

अप्पा, नमस्कार करते तुम्हाला.


गावभाग_घाट | २७ जुलै, संध्याकाळी ६:३०

जरा अवांतर, पण आज कृष्णेचं पाणी चढतंय म्हणून आठवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये बायकोला आठवा महिना होता आणि आम्ही गावभागात. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. आम्ही पंचेचाळीसपर्यंत थांबलो, दरवर्षी उतरतं म्हणून. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिला जिन्यावरून होडीत उतरवताना माझे पाय लटपटत होते. फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत होती तरी भिजली, रक्तगटाचा कागद सुद्धा पुसला. मिरजेत नातेवाइकांकडे पोचलो तेव्हा नव्या डॉक्टरांना काहीही दाखवता येईना.

विश्रामबाग उंचावर आहे, तुम्हाला पाण्याची भीती नाही. पण सगळ्या रिपोर्टांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. गरोदर बाईला न्यायला १०२ ची गाडी मोफत असते, तातडीला १०८. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका.


द्राक्षबाग | २८ जुलै, सकाळी ६:५०

एक राहिलंच सांगायचं. दुसऱ्यानंतर मी बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. घरात भूकंप झाला. आई म्हणाली, कष्टाचं काम व्हायचं न्हाई तुझ्याच्यानं. डॉक्टरनी दोन दिवस विश्रांती आन् आठवडाभर जड उचलायचं न्हाई म्हणून सांगितलं, त्यानंतर औषधाचा पंप पाठीवर घेतला. अजून घेतोय. तीन महिने मात्र दुसरं साधन वापरायचं असतंय आन् मग तपासणी करून खात्री करायची, हे विसरू नका. तिनं दोनदा पोट फाडून घेतलं, मग एवढं तरी आपल्या अंगावर घ्यावं, मला असं वाटलं.


स्टेथो | २८ जुलै, दुपारी २:००

अनुमोदन. बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा ही कितीतरी सोपी असते, तरी आमच्याकडे नसबंदीला बायकाच येतात.


कुपवाड_शिफ्ट | ६ सप्टेंबर, रात्री १०:२०

एकोणिसावा आठवडा संपला. मोठी सोनोग्राफी झाली, सगळं व्यवस्थित आहे. हिमोग्लोबिन १०.२ होतं, ते १०.९ वर आलंय. गोळीची वेळ मी सांभाळतो, लिंबूपाणीही मीच करतो.

आईला तीन महिने झाल्यावर सांगितलं. पेढे ठेवलेच तिने. पण आमचं आधीच ठरलं होतं, त्यामुळे ते गोड लागले. जानेवारीत ती इकडे राहायला येणार आहे. तोवर मी पहिली शिफ्ट मागून घेतलीय. पगारातले रात्रीचे भत्ते गेले, बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून घेतली. ऑपरेशनच्या वेळी मी थिएटरबाहेरच असेन आणि बाहेर आणल्याबरोबर तिच्याजवळ, हे डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. बिल मेव्हणा भरेल.

भांडणं होतात. परवाच झालं, मी मुलीला उन्हात नेलं म्हणून. पण आता मी गॅलरीत जात नाही. गेलो तरी दार उघडं ठेवतो.

आता एक साधा प्रश्न. पुढच्या आठवड्यात मुलगी एक वर्षाची होतेय. रात्री ती माझ्याजवळ झोपते, पण माझा शर्ट मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही, आणि सोडवायला गेलो की उठते. पहिल्या शिफ्टला पाचला निघावं लागतं. काय करू?


माई_मिरज | ६ सप्टेंबर, रात्री १०:३८

शर्ट अंगातून काढून तिच्या मुठीत ठेव आणि दुसरा घालून जा.


कुपवाड_शिफ्ट | ७ सप्टेंबर, पहाटे ५:१२

जमलं. बसमधून लिहितोय.


द्राक्षबाग | ७ सप्टेंबर, सकाळी ६:३०

ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत एकदा सांगलीला येतो. घरचा बेदाणा आहे, वहिनींना रक्त वाढायला. पोरीला न्हाई द्यायचा, घशात अडकतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.